शून्यपाणी

आडबंदरच्या बायका ओहोटीला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, जाण्याआधी समुद्राकडे बघत नसत, दिव्याकडे बघत. धक्क्यावरच्या खांबाला तो लावलेला होता. हिरवा असला की कोयत्या-टोपल्या घेऊन सगळ्या कालवं काढायला निघत आणि तांबडा असला की घरी बसायचं, असं ठरलेलं. पण दोन वर्षांत तांबडा एकदाही लागला नव्हता. त्यामुळे दिवा बसवणाऱ्या डॉ. स्नेहल खवणेकरचं गावात भारी कौतुक होतं.

खाडीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना आला, तेव्हापासून गावाने कालवं खाणं सोडलं होतं. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं आणि त्यात उतरलेलं बॅटऱ्यांचं शिसं अंगात साठवून ठेवतं. मग याच गावची ही मुलगी आपला धातुवेधी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगतं मोजणीयंत्र, घेऊन आली. खाडीच्या तोंडाशी नांगरलेला तो बोया तासातासाला पाणी ओढायचा, त्यातलं शिसं मोजायचा आणि दिव्याला कळवायचा. साखरेच्या एका दाण्याचे लाख भाग करावेत आणि त्यातला एक लिटरभर पाण्यात टाकावा, एवढं शिसंसुद्धा त्याला कळायचं. गाव पुन्हा कालवं खाऊ लागलं.

आज बोया पहिल्यांदाच देखभालीसाठी किनाऱ्यावर ओढून आणला होता. दिवा तोवर सकाळच्या शेवटच्या आकड्यावर हिरवाच राहणार होता. शाकारलेल्या मांडवात स्नेहलने बोयाचं पोट उघडलं आणि आतला पांढरा कॅन बाहेर काढला. त्यात शून्यपाणी होतं, म्हणजे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा शुद्ध केलेलं, धातूचा लवलेश नसलेलं पाणी. यंत्र आधी हे पाणी मोजायचं, त्याला शून्य मानायचं आणि तेवढा आकडा समुद्राच्या आकड्यातून वजा करायचं. तराजूचं रिकामं पारडं आधी बघून घ्यावं, तसं.

तिने झाकण फिरवलं. झाकणाच्या आतल्या कडेला काहीतरी केशरी लागलं होतं.

ती बघतच राहिली. मग तिने हातातल्या मोजणीयंत्रात शून्यपाण्याचे चार थेंब सोडले. आकडा चढत गेला आणि भलत्याच ठिकाणी थांबला.

आई चहा घेऊन आली होती. स्नेहलने झाकण पुढे केलं.

"आये, ह्यो शेंदूर कोणी लावल्यान?"

"मीच लावलंय मगे," आई कौतुकाने म्हणाली. "बोयो पाण्यात सोडलो त्या दिवशी. मारुतीचो शेंदूर. नव्या होडयेक लावतंव तसो. तूच तर कॅन धरलंस माझ्यासमोर."

धरला होता. सगळं आठवलं तिला. 'लाव, फक्त वायरींना नको लावू,' असं हसत म्हणाली होती ती. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, हे तिला शाळेपासून माहीत होतं. पण आईच्या बोटावरचा शेंदूर तिला कधी शिसं वाटलाच नव्हता.

त्या चिमटीभर शेंदराने शून्यच बिघडलं होतं. समुद्रात शिसं कितीही असो, यंत्र त्याच्याहून जास्त वजा करत होतं. उत्तर शून्याखाली गेलं की नुसतं शून्य दाखव, हेही तिनेच यंत्राला शिकवलेलं. तिने खाडीचं पाणी मोजलं, या वेळी काही वजा न करता. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. इतकं स्वच्छ पाणी मिळालं म्हणून तिने परिषदेत टाळ्या घेतल्या होत्या, त्या आठवून तिला स्वतःची किळस आली.

आणि दर्शना! धाकट्या भावाची बायको, आठवा महिना भरत आलेला. गेल्या वर्षी पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा रक्त कमी आहे असं निघालं होतं. 'कालवं खा, लोह असतं त्यात,' असं तिला रोज बजावणारी स्नेहलच.

तिने तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या,

"आधी खाणं थांबवा. सगळ्या गावाचं रक्त तपासू. पण गरोदरपणात शिसं उतरवायचं औषध सहजासहजी देता येत नाही. हाडांत साठलेलं बाळाकडे जातं. यातून काय होईल, मी नाही सांगू शकत."

आईने बोलणं ऐकलं होतं. तिने कपबशी खाली ठेवली.

"स्नेहल, कोणाक सांगा नको गो. नवा पाणी भर. दिवो आपसूक तांबडो होतलो. लोक म्हणतले, कारखान्यान आत्ताच घाण सोडल्यान."

"आणि आधी ज्यांनी खाल्लं? त्यांचं रक्त कोण तपासणार?"

"माझ्या बोटान झाला म्हणतले! ह्या गावात मी खंय तोंड दाखवू?"

स्नेहलला आईला मिठी मारावीशी वाटली आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती उठली आणि धक्क्यावर जाऊन दिवा हाताने तांबडा केला.

खडपावरच्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बिघाडलो काय गो तुझो दिवो?" एकीने हसून विचारलं.

"बिघडलेला होता," स्नेहल ओरडली. "पहिल्या दिवसापासून! टोपल्या ओता पाण्यात. कोणी काही खाऊ नका!"

ती रडत रडत सगळं सांगत गेली. शेंदराचंही सांगितलं, कॅन आपणच धरला होता हेही. कोणीतरी शिवी हासडली, कोणी पोराला हाका मारत घराकडे धावत सुटली.

दर्शना धक्क्याच्या पायरीशी उभी होती. जेवणासाठी भाजलेल्या कालवांची ताटली तिच्या हातात होती. तिने ती हळूच खाली ठेवली आणि पोटावर हात ठेवला. मांडवाच्या दारात सासू उभी होती, तिच्याकडे तिने पाहिलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्याचा काय होतला ता डॉक्टर सांगतीत. पण माझो पयलो गेलो, तेव्हा तुमी सगळ्यांनी माका नशीब म्हणान सांगितलास. तो नशिबान गेलो, की ह्या दिव्यान?"