सीमेवरच्या रस्त्याची वीस मिनिटं

उन्हाळाभर थेल्मा बार्क्लेचा फायदा ठरलेला होता. रस्ता ओलांडून घरी आलं की हातात एक तास जास्त. दक्षिणेकडच्या ट्वीड हेड्समध्ये ऑक्टोबरात उन्हाळा लागला की घड्याळं तासभर पुढे करत. कामावरून सुटलेल्यांना समुद्रावर जायला उजेड उरावा म्हणून. उत्तरेचं कूलंगाटा, थेल्माचं गाव, दुसऱ्या राज्यात, तिथे घड्याळाला कुणी हात लावत नसे. मधे फक्त रस्ता. पलीकडची वेळ ‘घाईची’, अलीकडची ‘सुस्त’. नवं वर्ष दोन्हीकडे साजरं करून लोक दोनदा झिंगत.

“उजेड वाचवतात म्हणे,” शेजारची विनी म्हणायची. “ठेवतात कुठे, बरणीत? इथे आणलं ते, तर आमचे पडदे विटतील.”

“तुझे पडदे लग्नाआधीपासूनच विटलेत.”

थेल्माचा नवरा क्लेम पलीकडच्या शुश्रूषागृहात होता. डिसेंबरमधल्या एका दुपारी तिथून सिस्टर सीनीचा फोन आला. “चारच्या आत या. उशीर नको.”

घाईचे चार की सुस्त, हे विचारल्याशिवाय त्या रस्त्यावर कुणी साधं केस कापायलाही जात नसे. थेल्मानं जन्मभर विचारलं होतं. त्या दिवशी विचारलं नाही. घरचं घड्याळ बघून निघाली, पोचली तेव्हा तिथे पाच वाजत आले होते. क्लेम साडेचारला गेला होता.

“दाराकडेच बघत होते,” सीनी हळूच म्हणाली. “तुमचं विचारत होते.”

थेल्मा घरी आली, नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारानं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाहेरच्या खोलीत क्लेम बसला होता. अंगात शुश्रूषागृहाचा निळा झगा, त्यांच्या साबणाचा वास. नजर पुढच्या दारावर.

“थेल्मा आली का?”

“ही काय मी, क्लेम.”

त्यानं ऐकलं नाही. तिनं खांद्याला हात लावला. खांदा होता, गार. घरच्या घड्याळात साडेचार वाजले आणि तो नव्हता.

दफन झाल्यावर ती पुन्हा पलीकडे गेली, त्याच वेळेला परतली. तो होता. गेली नाही त्या दिवशी आला नाही. मग रोज जाऊ लागली. आपल्या बाजूला साडेचार वाजायचे असतात तोवर तो आपला, असा तिनं सरळ हिशेब मांडला. विनीला म्हणाली, पाय मोकळे करायला जाते.

फेब्रुवारीत तिच्या लक्षात आलं, त्याचा आवाज बसत चालला होता. मार्चमध्ये प्रश्न अर्ध्यावर तुटू लागला. तिला रोज वीस मिनिटं मिळत होती, आणि त्यासाठी तो रोज वाट बघून मरत होता.

तरी ती जात राहिली.

एप्रिलमधला शनिवार. उद्या पलीकडची घड्याळं मागे येणार होती, जादा तास संपणार होता.

त्या दिवशी ती घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. पाहुण्यांखेरीज ते कुणी वापरत नसे. खाऱ्या हवेनं फुगलं होतं. तिनं खांदा लावला.

क्लेमनं तिच्याकडे बघितलं. खरंच तिच्याकडे.

“आलीस? किती वाट बघायची माणसानं?”

“चुकले रे. वेळ विचारायची राहिली.”

“असू दे. ये.”

तिनं त्याचा हात धरला.

साडेचार वाजले.

हात रिकामा झाला. गारवा तेवढा राहिला, आता तिच्याच अंगात.

स्वयंपाकघरातून विनी आली, हातात केकची बशी. “थेल्मा! अगं ए!”

“ही काय मी.”

विनी थेल्माच्या आरपार खोलीभर बघत राहिली. उघडं दार दिसलं तशी बशी ठेवून थेल्माच्या अगदी जवळून गेली, पायरीवर उभी राहिली आणि पलीकडच्या रस्त्याकडे बघत ओरडली, “थेल्मा, ये लवकर! चहा ठेवते!”

“विनी.”

विनीनं खुर्ची दाराकडे वळवली आणि बसली.

क्लेमचं वाट बघणं संपलं होतं. विनीचं सुरू झालं.