प्रमाण नमुना

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मयूरी टेकाळेने क्रमदर्शकाच्या काचेवर पहिला कागद ठेवला आणि झाकण लावलं. यंत्र दिसायला झेरॉक्स मशीनसारखंच होतं. विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र विभागात ते येऊन तीन महिने झाले होते, तरी विभागाचा शिपाई अजूनही त्याच्यावर हजेरीपत्रकाच्या प्रती काढायला बघायचा.

प्रती मात्र ते काढत नसे. कागदावर पेन टेकलं की खालचे तंतू दबतात आणि शाई त्यांच्यात मुरते. एक रेघ दुसरीवरून गेली, तर आधीची कोणती आणि नंतरची कोणती, याची खूण त्या दबलेल्या तंतूंत कायमची राहते. क्रमदर्शक प्रकाशाच्या बारीक शलाकेने ती खूण वाचायचा आणि अख्खा कागद पडद्यावर दोन रंगांत मांडायचा. आधी उमटलेलं निळं, नंतरचं लाल. लिहिणारा कोण, खरा की खोटा, हे त्याला कळत नसे.

मयूरी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रबंधाचा विषय होता हाताने लिहिलेल्या पंचनाम्यांची विश्वासार्हता. आता पंचनामे कॅमेऱ्यावर होतात, पण जुन्या कागदी पंचनाम्यांच्या जोरावर शिक्षा झालेली माणसं अजून तुरुंगात होती. मयूरीने परवानगी काढून आपल्याच तालुक्याच्या न्यायालयातून दोनशे बारा पंचनामे आणले होते.

यंत्र बरोबर वाचतंय का, हे ठरवायला आधी प्रमाण नमुना लागतो. ज्याच्या खरेपणाविषयी शंकाच नाही, असा जुना कागद. मयूरीला तो शोधावा लागला नाही. एकनाथ शेळवणे खून खटला, २०१७, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीचा. आरोपीने विहिरीमागच्या कडब्याच्या गंजीतून रक्ताने माखलेला विळा पंचांसमक्ष काढून दिला, असा जप्तीचा पंचनामा. दोन पंचांपैकी एक वारला होता. दुसरे दत्तात्रय टेकाळे, मयूरीचे वडील, बापू. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं, ‘या पंचाच्या सचोटीवर शंका घेण्यास जागा नाही.’ त्या निकालाच्या बातमीचं कात्रण वडिलांच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली होतं. मयूरी त्याच काउंटरवर गृहपाठ करत वाढली होती.

पडदा उजळला. मजकूर लाल होता. सही निळी.

तिने काच पुसली आणि कागद पुन्हा ठेवला. तेच. तिसऱ्यांदा ठेवला. मग तिने चित्र मोठं केलं. बापूंच्या सहीला एक लांब शेपूट असायचं, ‘ळे’पासून थेट उजव्या समासापर्यंत. पंचनाम्याची शेवटची ओळ त्या शेपटावरून गेली होती. वरच्या ओळी ऐसपैस होत्या आणि खालच्या चार दाटीवाटीने बसवलेल्या. हे तर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. एकोणीस वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं.

“मॅडम, यंत्र बिघडलंय.”

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापक गवांदे विद्यापीठात येण्याआधी बावीस वर्षं सरकारी वकील होत्या. त्यांनी उभ्यानेच पडदा पाहिला. एक कोरा कागद घेतला, वर दोन ओळी लिहिल्या, खालच्या ओळीला छेदून सही ठोकली आणि यंत्रात सरकवला. मजकूर निळा, सही लाल. दुसऱ्या कागदावर आधी सही केली, मग तिच्यावरून मजकूर लिहिला. रंग उलटे आले.

“यंत्र ठणठणीत आहे. तुझा नमुना चुकला. दुसरा घे.” त्या वळल्या आणि थांबल्या. “एवढी पांढरीफटक का पडलीस? पंच कोण आहे?”

“माझे वडील.”

गवांदेंनी चष्मा काढला. पदराने पुसला, परत लावला. “असले पंचनामे मी कोर्टात किती वाचून दाखवलेत…” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “नमुना बदलायचा की नाही, तू ठरव. पण हे चित्र यंत्राच्या नोंदीत गेलंय. मी ते पुसणार नाही. तूही पुसायचं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मयूरी दुकानात पोचली. ‘टेकाळे झेरॉक्स व टायपिंग’, पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर. सातबाऱ्याच्या प्रती घ्यायला आलेला म्हातारा जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली.

“काय गं, कॉलेज बुडवलंस?” बापू खुशीत होते. “डॉक्टरीणबाई आल्या म्हणायच्या!”

“एम.ए. आहे बापू, डॉक्टर नाही.” तिने काउंटरवर कोरा कागद ठेवला. “पंच म्हणून सही कशी करायचात, तेवढं दाखवा.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागदाच्या तळापासून चार बोटं मोजली आणि सही केली. शेपूट समासापर्यंत गेलं. कागद कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

“मजकूर कुठाय?”

“तो हवालदार भरायचे नंतर सावकाशीनं. त्यांना घाई, आपलं दुकान समोर. चहा आणि पंच, दोन्ही इथूनच जायचं.” ते हसले. ती हसली नाही.

“एकनाथ शेळवणेच्या पंचनाम्यावरही यंत्रात तुमची सही आधीची दिसली. विळा कुठं पाहिलात?”

“आरोपीने स्वखुशीने पुढे होऊन कडब्याच्या गंजीतून…” बापूंच्या तोंडून ते पाठ केलेल्या कवितेसारखं निघालं आणि मध्येच अडलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ठाण्यात. टेबलावर होता, पेपरात गुंडाळलेला.”

“आणि गंजी?”

“गंजी मी बघितलीच नाही.”

“कोर्टात शपथ घेतली होती तुम्ही.”

“अगं, साहेब म्हणाले, मारलंय यानंच, नुसता कागद पुरा करायचाय. मला खरं वाटलं. पोलीस आपल्याशी खोटं कशाला बोलतील? तोंडावर नाही कसं म्हणायचं रोजच्या माणसांना?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “सुटला असेल ना तो आता?”

“नाही. एकोणीस वर्षं आत आहे. मी केलंच नाही म्हणतोय अजून.”

बापू स्टुलावर बसले. समोर झेरॉक्स मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी हात लांब करून तो बंद केला.

“त्यानं केलं नसेलच, असं तुझं यंत्र सांगतं?”

“नाही. सही आधी झाली, एवढंच सांगतं. बाकीचं तुम्हीच सांगू शकता. पण सांगितलंत तर खोट्या साक्षीचा गुन्हा तुमच्यावर येईल. शिक्षाही होऊ शकते.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी दुसरा नमुना घेऊ शकते. मॅडमनी ते माझ्यावर सोडलंय.”

काउंटरच्या काचेखालचं पिवळं पडलेलं कात्रण बापूंनी नखाने ओढून काढलं, उलटं करून ठेवलं आणि शेजारच्या गठ्ठ्यातला कोरा कागद पुढे ओढला. लिहायला त्यांना पाऊण तास लागला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केलेला माणूस दर दोन शब्दांनी थांबत होता. दोन गिऱ्हाइकं आली. मयूरीने त्यांना दुपारी यायला सांगितलं. शेवटची ओळ पुरी होण्याआधीच बापूंचा हात सवयीने तळाशी गेला. मयूरीने कागदावर पंजा ठेवला.

“आधी वाचा. मोठ्यानं.”

त्यांनी वाचलं. विळ्याची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग सही केली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. मयूरीने ती वेळही लिहायला लावली.

आता उरलेलं सांगणं भाग होतं. तिने पिशवीतून यादी काढली. “बापू, मी आणलेत दोनशे बारा पंचनामे. त्यांतल्या एकसष्टांवर तुमची सही आहे.”

काल संध्याकाळी मोजताना ती या आकड्यापाशीच थांबली होती. पुढचं बघायचं धाडस तिला झालं नव्हतं.

बापूंनी चष्मा वर सरकवला. पहिल्या नावावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. काही नावांशी ओठ हलले. पान संपलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

“मयूरी,” त्यांनी विचारलं, “यातले अजून आत किती आहेत?”