एका वेळी किती नळ

तो पहिल्यांदा माझ्या बोटींच्या सामानाच्या दुकानात आला तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी चर्चची दुपारची घंटा होईपर्यंत माझं मौन असतं.

आई आजारातून उठावी म्हणून आल्ताग्रासिया मातेला बोललेला तो नवस. आई उठली नाही... नवस मात्र मी सोडला नाही. तसंही घरी बोलायला कुणी नाही, त्यामुळे मौन जड जात नाही.

"बोटीसाठी गोड्या पाण्याचा पंप हवाय," तो म्हणाला. "विजेवरचा. पायाने दाबायचा होता, तो गेला."

मी फळीवरचा नळ उचलून फिरवून दाखवला. मग बोटं पुढे केली — एक? दोन? तीन?

"रागावलात, की किंमत सांगताय?"

मी हसू दाबलं. पुन्हा नळ, पुन्हा बोटं.

"अच्छा... एका वेळी किती नळ उघडतात?" त्याचा आवाज जरा उतरला. "एकच. मी भांडी घासत असताना न्हाणीतला नळ कोण उघडणार?"

तेवढ्यात घंटा झाली.

"मग लहानच घ्या," मी म्हणाले. "मोठा पंप एका नळाला सारखा चालू-बंद होत बसतो. बॅटरी उगीच खातो."

त्याने भुवया उंचावल्या. "इतका वेळ गप्प, आणि बोललात ते काय, तर लहान घ्या."

आनिबाल त्याचं नाव. वडील गेल्यावर त्यांची बोट घरी, समुद्रापलीकडच्या मायाग्वेसला न्यायला निघालेला. समोरून येणारा पूर्वेचा वारा पडेपर्यंत आमच्या लुपेरोनच्या खाडीत थांबलेला.

दुसऱ्या दिवशी तो नळी न्यायला आला. मग नळी आवळायच्या पट्ट्या. मग पंपाआधी बसवायची गाळणी.

"सगळं एकदम न्यायचं असतं," मी म्हणाले.

"एकदम नेलं तर उद्या काय सांगून येऊ, एनेइदा?"

मी गल्ल्याजवळच्या मातेच्या तसबिरीपुढच्या मेणबत्तीची वात उगीचच सारखी केली. कान मात्र तापले होते.

गुरुवारी तो दारातच थांबला.

"पंप बसला. नळ उघडला की गुरगुरतो. वाटतं, बोटीत कुणीतरी आहे. नळ बंद केला की..." त्याने खांदे उडवले. "वारा पडतोय. उद्या निघेन म्हणतो."

"माता सांभाळेल," एवढंच मी म्हणाले. त्या संध्याकाळी घरात मीही नळ सोडून ऐकत उभी राहिले.

शुक्रवारी सकाळी खाडीकडे बघायचं नाही असं ठरवून मी दुकान उघडलं. आणि तो आत आला — हातात तोच पंप, नळीच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं.

"हा बदलून मोठा घ्यायचा का, ते विचारायला आलो. मला ठरवता येत नाही."

मी ओठांवर बोट ठेवलं.

"आज तुमचं मौन. माहीत आहे. पण प्रश्न तुमचाच आहे." फळीवरचा नळ त्याने माझ्यापुढे ठेवला. "आता सांगा... एका वेळी किती नळ उघडतील?"

घंटेला अजून अवकाश होता. मेणबत्तीची ज्योत शांत होती. आईची फार आठवण आली.

मी दोन बोटं वर केली.

तो दोरांच्या वेटोळ्यावर बसून राहिला, पंप मांडीवर घेऊन. पुढे घंटा झाली, माझं मौन सुटलं... तरी कितीतरी वेळ आम्ही दोघंही गप्पच होतो.