आईच्या नावाने

"ताई, तू जा आत आईबरोबर, मी इथंच बसतो," म्हणत धाकट्या भावाने दवाखान्याच्या बाकावर बैठक मारली आणि मोबाइल काढला, तेव्हा घशाशी आलेलं सगळं तिने नेहमीसारखंच गिळून टाकलं.

"आज तरी ये ना."

"मी येऊन काय दिवे लावणार? तिचे हातवारे मला कुठे कळतात? तुला येतं ना, मग झालं!"

या एका वाक्यावर तिचं अख्खं आयुष्य खर्ची पडलं होतं... आई जन्मापासून मूकबधिर. तिच्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या, घरातच घडलेल्या. आणि वडील गेल्यावर त्या जाणणारी जगात ही एकटीच उरली. म्हणून जमत आलेलं लग्न फिसकटलं, म्हणून परगावची नोकरी सोडून ती लॉन्ड्रीत इस्त्री करत उभी राहिली. आणि हल्ली परक्यांच्या कपड्यांवरून इस्त्री फिरवताना तिच्या मनात एकच विचार घोळत असे... आपण नसलेलंच बरं!

"बोला, आजींना काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईने गुडघ्यावर हात ठेवला, तोंड वाकडं केलं. एवढंच.

"आई म्हणते, गुडघा दुखतो... झोप लागत नाही... अन्न गोड लागत नाही..." तिलाच कळेना, आपण कुठे चाललो आहोत! "आई म्हणते, जगणं नकोसं झालंय. जीव द्यावासा वाटतो... रोज."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या आईकडे वाकून बघू लागल्या. आई गोंधळली, आपण एक खूण केली, मग लेक इतका वेळ काय बोलली? तिने टेबलावर थाप मारली, लेकीची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, निरखला... आणि तिचे हात भराभर चालू लागले.

"काय म्हणतात आजी?"

त्या खुणा तिथे कळत होत्या फक्त तिला. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं! 'काही नाही, औषध द्या म्हणते'... शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण आईच्या तोंडी आजवर तिने स्वतःचा शब्द कधी घातला नव्हता. आज घातला होता, आणि त्याच आईचे डोळे समोर वाट पाहत होते.

"आई म्हणते..." ती डोळे पुसत म्हणाली, "मी गुडघ्याचं बोलले. रडतेय ती ही. हिला विचारा, काय होतंय."

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मग तुम्हीच सांगा, ताई. जीव द्यायचे विचार तुमच्या मनात येतात?"

"येतात."

"काही ठरवलंय?"

"हो." आईकडे वळून तिने तेच खुणांनीही सांगितलं, आणि आईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"सांगितलंत, फार बरं केलंत. वेड लागलं असं समजू नका, यावर उपचार आहेत. पण आज तुम्हाला एकटं सोडायचं नाही. मानसोपचार तज्ज्ञ वरच बसतात, मी स्वतः घेऊन जाते तुम्हाला."

"आणि आईचं? तिच्याशी बोलणार कोण?"

"बाहेर मुलगा बसलाय ना?"

धाकटा आत आला, आईचे भिजलेले गाल पाहून चरकला आणि सवयीने बहिणीकडेच वळला. "ताई, काय झालं? काय म्हणतेय आई?"

"मला जीव द्यावासा वाटत होता, एवढंच झालं," ती कडवट हसली. "आईचं आईला विचार."

तो हात अर्धवट वर करून उभा राहिला, उसने आणल्यासारखे ते हात! आईने लेकीकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर मूठ ठेवली, मग तळवा सावकाश उलटा केला.

"हे काय? ताई, सांग ना गं!"

'माझं चुकलं,' म्हणत होती आई. तिला कळलं... पण धाकट्याला तिने ते सांगितलं नाही. आईच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकून ती डॉक्टरीणबाईंबरोबर बाहेर पडली. मागून धाकट्याचा आवाज येत होता, "पुन्हा कर ना आई! पुन्हा कर!" ...ओरडून ओरडून सांगत होता बिचारा, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आईला!