दुसऱ्याची गाडी

केर्ली फाट्याच्या थोडं अलीकडं रक्षिताच्या हातातला क्लच एकदम ढिला पडला... आणि ती समजली, वायर गेली. कार्तिकातली सकाळ होती. धुकं अजून उसाच्या शेंड्यांवर रेंगाळत होतं आणि कुठल्या तरी गुऱ्हाळावरून पहिल्या काहिलीतल्या रसाचा गोड वास रस्त्यावर उतरला होता. बुलेट ढकलत ढकलत तिनं कशीबशी धोंडुबाईच्या चहाच्या टपरीपाशी आणली आणि मनात म्हणाली, झालं, आता सुरू होणार.

काय सुरू होणार, हे तिला पाठ होतं. बुलेटवर बाई दिसली की या जिल्ह्यातल्या पुरुषांच्या हाताला खाज सुटते, आणि गाडी बिघडलेली असली तर बघायलाच नको. ‘सरका ताई’, ‘द्या इकडं’, ‘बायकांचं काम न्हवं ते’ असं म्हणत एक जण हँडल धरतो, दुसरा किकवर उभा राहतो, आणि ज्याला सायकलसुद्धा धड येत नाही असा तिसरा प्लग काढायला बसतो. रक्षिता दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. स्वतःच्या पगारातून, इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याच्या शेडमधून, सुताच्या तुसानं माखलेली ही जुनी बुलेट तिनं घेतली होती आणि स्वतःच्या हातानं पुसून काढली होती. तिला कुणी हात लावला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

टपरीसमोर पाच-सहा जुन्या मोटारसायकली ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांचे मालक हातात ग्लास घेऊन गप्पा हाणत होते. त्यातला एक उंचसा, सावळा तरुण उठला आणि तिच्याकडं चालत आला. रक्षितानं हँडल घट्ट धरलं.

तो दोन हात लांबच थांबला.

“क्लच वायर गेली न्हवं?”

“व्हय. माझी मी बघतो.”

(कोल्हापूरकडच्या पोरी ‘मी बघतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.)

तो माघारी गेला. आपल्या येझदीच्या पेटीतून त्यानं वेटोळं केलेली नवी वायर आणि पक्कड काढली, आणून शेजारच्या कट्ट्यावर ठेवली. “बुलेटचीच हाय. बसवा.”

रक्षिता बघतच राहिली. “तुम्ही न्हाई बसवत?”

“तुमची गाडी. दुसऱ्याच्या गाडीला मी हात लावत न्हाई.”

“आणि मदत मागितली तर?”

“तर मग पक्कड धरून उभारतो की!”

आणि खरंच, तो पक्कड धरून उभा राहिला. तिनं मागितलं तेवढं द्यायचं, नाही मागितलं तर गप्प. मात्र त्याची नजर राहून राहून गाडीच्या उजव्या बाजूच्या गिअरकडं जात होती. उपवासाला माणूस भज्यांच्या कढईकडं बघतो ना, तशी.

“येझदीवाल्याकडं बुलेटची वायर कशी काय?” तिनं मान वर न करता विचारलं.

“माझ्याकडं बी होती. अशीच, जुनी, उजव्या पायात गिअरवाली. घराचं बांधकाम काढलं तवा गेली. वायर तेवढी राहिली.”

“टाकून द्यायची मग.”

“टाकवत न्हाई...” तो म्हणाला आणि स्वतःशीच हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच बारीक व्हायचा. रक्षितानं ते पाहिलं, आणि पाना एकदा चुकीच्या बाजूला फिरवला.

वायर बसली. हात पुसत ती म्हणाली, “एक सांगू? माझी गाडी ओढून न घेणारा पहिला माणूस भेटला मला.”

तो कानापर्यंत लाल झाला. त्याचं नाव अनेकांत मगदूम. रुकडीला त्याची उसाच्या रोपांची रोपवाटिका होती. त्या एका वाक्यावर त्या माणसानं पुढचा सगळा काळ आपलं वागणं बेतलं, हे मात्र तिला कळायला फार उशीर झाला.

पुढच्या रविवारी तिची वायर तुटली नव्हती, तरी ती केर्लीच्या फाट्यावर थांबली. त्याच्या पुढच्याही रविवारी थांबली. धोंडुबाई तिसऱ्या खेपेला न विचारताच तिचा चहा ओतायला लागली.

दर रविवारी टपरीवर जमणाऱ्या त्या मंडळींचे दोनच नियम होते. गाडीची किंमत विचारायची नाही, आणि दुसऱ्याची गाडी चालवायला मागायची नाही. बाकी गप्पांना धरबंद नव्हता. आणि गप्पा तरी कसल्या? गेलेल्या गाड्यांच्या. एसटीतून निवृत्त झालेले जोतीरामकाका राजदूतवरून राधानगरीहून नवी नवरी घेऊन आले होते. “मांडीवर ट्रंक, डोईवर पदर, आणि माझ्या खांद्याला हात लावंल तर शपथ! खड्ड्यात गाडी आदळली तवा धरलंन बघा पहिल्यांदा,” ते सांगायचे. आता काकूही नव्हत्या आणि राजदूतही नव्हती. “खरं सांगू काय? हिचा आवाज आठवायला बसलो की मधीच राजदूत वाजाय लागती,” म्हणून ते हसायचे.

त्यांच्यातल्याच सम्राटनं आपली यामाहा गारगोटीच्या एका माणसाला विकली होती. वर्षभर काही ना काही निमित्त काढून तो तिला बघायला जायचा. एकदा बघतो तर तिच्या टाकीवर लहान पोराची खुर्ची बसवलेली. “विकल्यावर बघाय जाऊ नये गाडी,” तो म्हणाला. “ती आपल्याला वळखत न्हाई.”

अनेकांत फार बोलायचा नाही. “पाय अजून उजवीकडं गिअर शोधतोय. येझदीवर गिअर म्हणून कितीदा ब्रेक दाबलाय,” एवढंच सांगायचा. म्हणजे एकशे एक वेळा पडता पडता वाचलेला हा मनुष्य! रक्षिता खो-खो हसली आणि तिला हसताना बघून तोही हसला.

“मिसळीत कांदा नको, बटाटा नको,” एकदा ती त्याच्या जैन पथ्यावरून त्याला चिडवत म्हणाली, “मग खाताय काय?”

“तर्री.”

“तर्रीत कांदा असतोय.”

“दिसत न्हाई तवर चालतोय. आईला सांगू नका.”

“मी कशाला भेटाय जातोय तुमच्या आईला?”

तो पावाचा तुकडा हातात धरून तसाच राहिला... “तसं न्हवं... म्हणजे, भेटलाच कधी तर,” असं काहीतरी पुटपुटला आणि पाण्याचा अख्खा ग्लास पिऊन टाकला. रक्षिताला त्याचा तो गोंधळ दिवसभर पुरला.

चहा झाला की सगळे जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या वाटेला लागायचे. ती पुढं, तो थोडा मागं, उजव्या अंगाला. खड्डा आला की तो पुढं येऊन नुसता डावा पाय खाली करून दाखवायचा. उसाची ट्रॉली समोरून आली की ती जाईपर्यंत बाहेरच्या बाजूनं चालवायचा. त्यानं कधी तिचा हात धरला नाही, कधी फोनवर गोड शब्द लिहिला नाही. ‘अहो-जाहो’सुद्धा सोडलं नाही. पण रक्षिताच्या आरशात तो येझदीचा दिवा नसला की तिचा हात आपोआप ॲक्सिलरेटरवरून सैल व्हायचा. प्रेम म्हणजे आणखी काय असतं?

मग माघात आईचा, अव्वाचा, कुरुंदवाडहून फोन आला. निपाणीचं स्थळ होतं. मुलाचं नाव शशिधर, हुबळीला इंजिनिअर. दोन्हीकडून पसंती होती, फक्त रक्षिताचा होकार राहिला होता.

“मुलगा चांगला हाय,” अव्वा म्हणाली. मग आवाज खाली आला. “दुसरं कोण मनात असलं तर आत्ताच सांग ग. जात-पात, तुझं अप्पा, मी बघतो सगळं. पर रविवारी सांजच्याला मला एक काय ते सांग. माणसांना टांगून ठेवू नये.”

आई असं म्हणते तेव्हा मुलीनं नशीब काढलं म्हणायचं. पण सांगायचं काय? अनेकांतनं विचारलंय म्हणून? त्यानं काहीच विचारलं नव्हतं. आणि मागवाल्याशी गाडीचा सौदा तोडीस तोड करणारी ही पोरगी, या एका बाबतीत मूग गिळून बसली होती. शेवटी तिनं ठरवलं. शब्द नाही जमत, तर नाही. आजवर जे कुणालाच दिलं नाही, ते द्यायचं. त्याला कळेल. गाडीवाल्याला नाही कळणार तर कुणाला?

रविवारी जोतिबाच्या घाटात बाकीचे पुढं गेले, तेव्हा एका वळणावर तिनं गाडी बाजूला घेतली. तो मागोमाग थांबला. खाली शेतं पसरली होती, वारा सुटला होता, कुठंतरी चांगभलंचा गजर ऐकू येत होता. रक्षितानं किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली.

“आज तुम्ही चालवा,” ती म्हणाली. “मी मागं बसतो.”

अनेकांतच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. त्याचा हात पुढं आला... अगदी किल्लीपर्यंत आला. आणि मग त्यानं तो मागं घेतला आणि खिशात घातला.

“नको,” तो म्हणाला. “तुमची गाडी हाय. तुम्हीच चालवा.”

“मी देतोय की...”

“तरी नको.”

तो तिच्याकडं बघत नव्हता, उजव्या बाजूच्या गिअरकडंही बघत नव्हता. रक्षितानं किल्ली मुठीत मिटली. “बरं,” ती म्हणाली.

त्याच दिवशी सांजच्याला कुरुंदवाडच्या घरात, अव्वा भाकरी थापत असताना, तिनं सांगितलं, “मनात कोण न्हाई. हो म्हणून कळवा.” अव्वानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि परातीतल्या पिठावर पाणी शिंपडलं.

साखरपुडा झाल्यावर ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन फाट्यावर आली. न सांगता जाणं बरं दिसलं नसतं. जोतीरामकाकांनी डोक्यावर हात ठेवला. सम्राटनं दोन पेढे खाल्ले, तिसरा खिशात टाकला. धोंडुबाईनं मात्र पेढा हातात धरून अनेकांतकडं बघितलं आणि म्हणाली, “खा की बाबा. तोंडापतूर आल्यालं सोडायची सवयच हाय तुला.”

तो तिला सोडायला गाडीपर्यंत आला. दोघं उगाच टाकीकडं बघत उभे राहिले.

“एक बोलू?” तो म्हणाला. “त्या दिवशी किल्ली घ्यायला पाहिजे होती मी. लई वाईट वाटतंय. रात-रात झोप न्हाई. पाय नुसता शिवशिवत होता हो... पर वाटलं, तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होता, सगळी ओढून घेत्यात. म्हटलं, आपण बी घेतली तर त्यातलंच एक होऊ. तुमच्या मनातनं उतरू.”

रक्षिताला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. ज्या गुणावर भाळली, त्याच गुणानं तिला हात हलवत परत पाठवलं होतं. आणि या भल्या माणसाला अजूनही पत्ता नव्हता.

“अनेकांत,” ती हळू म्हणाली, “त्या दिवशी गाडी देत नव्हतो मी.”

तो आधी नुसता बघत राहिला. मग त्याला कळायला लागलं... आणि कळत गेलं तसा तो हळूहळू कट्ट्यावर बसला. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली, तिच्या पाठोपाठ दुसरी गेली.

“मला वाटलं,” शेवटी तो म्हणाला, “अजून रविवार लई हाईत. होईल बोलणं.”

“मी तरी कुठं बोलले?” हे शब्द बाहेर पडताना ती आपली बोलीसुद्धा विसरली होती. “तोंड होतं की मला. किल्ली कसली दाखवत बसले... सरळ सांगायचं होतं.”

“आता?”

तिच्या बोटात अंगठी होती. निपाणीची माणसं चांगली होती, शशिधर तर फारच चांगला होता. त्यानं काही वाईट वागून तिची सुटका करावी, एवढीही सोय त्यानं ठेवली नव्हती. पण अजून अक्षता पडल्या नव्हत्या. अव्वा म्हणाली होती, मी बघतो सगळं. या माणसानं आत्ता नुसतं ‘जाऊ नको’ म्हटलं असतं, ‘तू’ म्हणून हाक मारली असती, हँडल धरलं असतं, तर तिनं सगळ्या मुलखाची बोलणी खाल्ली असती.

“तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “आता काय?”

अनेकांत उठला. त्याचे डोळे भरले होते. त्याचा हात हँडलकडं गेला आणि वीतभर अलीकडंच थांबला.

“तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला.

रक्षिता वाट बघत राहिली. तो बोलणार नाही, हे तिला त्याच क्षणी आणि कायमचं कळलं. तो किती चांगला आहे, हेही कळलं, आणि त्या चांगुलपणाचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच संताप आला.

“एकदा तरी ओढून घ्यायची होतीत की,” ती म्हणाली आणि गाडीवर बसली.

एरवी ही बुलेट चार-पाच किक खाल्ल्याशिवाय कधी सुरू व्हायची नाही. तिनं जितकी हळू मारता येईल तितकी हळू किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.