कानातला धनराज

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. दिव्यानी धनराजच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती, आणि आत जावं की परत फिरावं हे तिचं काही ठरत नव्हतं. मुठीत एक पांढरी डबी, डबीत दोन इअरबड्स. नागपूरला नोकरीला असलेल्या भावानं, आदेशनं, ओवाळणीत टाकलेले. तीन दिवस झटूनही ते तिच्या मोबाईलला काही जोडले जात नव्हते.

कुरखेड्याच्या त्या रांगेत दोघांची दुकानं अगदी लागून. इकडे दिव्यानीचं ब्लाऊज शिवायचं दुकान, तिकडे धनराजचं रेकॉर्डिंगचं. मधे विटेची एक भिंत, आणि त्या भिंतीला धनराजच्या बाजूनं गोधड्या टांगलेल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या जाहिराती तो रेकॉर्ड करायचा. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणतं नाटक... मग भोंगा लावलेल्या ऑटोतून तो आवाज गावोगाव फिरायचा. आवाज साऱ्या तालुक्याच्या ओळखीचा. माणूस मात्र असा, की चार महिने शेजारी राहून दिव्यानीशी एक शब्द बोलला नव्हता.

"या नं जी," आतून तोच आवाज आला. "पायरीवर उभं राह्याचे पैसे नाई लागत, पण आत बसाचेबी नाई लागत."

दिव्यानी आत गेली. अडखळत अडखळत तिनं अडचण सांगितली.

"मोबाईल खराब आहे का हे खराब आहे, ते आधी पाहू," धनराज म्हणाला. त्यानं तिच्या मोबाईलचं ब्लूटूथ बंद केलं, डबीचं बारीकसं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. मग कम्प्युटरच्या पडद्यावर नावांची एक यादी उघडली, आणि तिच्यात सगळ्यात खाली अक्षरं-आकड्यांचं एक अवघड नाव उमटलं.

"हे पाहा, हे तुमचं," असं म्हणून त्यानं त्या नावावर टिचकी मारली. "जोडलं गेलं. घाला कानात."

तिनं घातले. समोर त्याचीच एक जाहिरात उघडी होती, तीच त्यानं सुरू केली. आणि दिव्यानी दचकली. धनराज समोर तोंड मिटून बसला होता, आणि धनराज तिच्या कानात बोलत होता! भोंग्यातून कर्कश वाटणारा तो आवाज इतक्या जवळून ऐकला की किती मऊ होता... तिला कुठं पाहावं कळेना.

"येऊन राह्यला का आवाज?"

"हो..."

"दोनी कानात?"

तिनं नुसती मान हलवली.

"मंग चेहरा काऊन लाल झाला?"

"उन्हातून आली नं मी."

"दुकान तं बाजूलेच आहे तुमचं," धनराज म्हणाला आणि हसला. मोबाईलचं दुखणंही त्यानं दोन मिनिटांत बरं केलं. पैसे मात्र काही केल्या घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसताना दिव्यानीनं बड्स कानात घातले. गाणं लावायला मोबाईल हातात घेतला, तर आधीच कानात धनराज! बॅटरी वाचावी म्हणून तिनं मोबाईलचं ब्लूटूथ बंद ठेवलं होतं, म्हणून बड्स कालच्या ओळखीवर भिंतीपलीकडच्या कम्प्युटरला जाऊन चिकटले होते. पलीकडे जे वाजेल ते थेट हिच्या कानात.

एवढं कळायला तिला एक मिनिट लागलं. उठून शेजारी जायचं आणि "अहो, तुमचा आवाज इकडे येऊन राह्यला" एवढं म्हणायचं, त्यालाही एक मिनिटच लागलं असतं. ही बाही झाली की जाते, असं ती मनाशी म्हणाली. बाही झाली. हुक लावून झाले. ब्लाऊज झालं, दुसरं झालं... आणि बघता बघता महिना झाला.

काय काय ऐकलं तिनं त्या महिन्यात! सकाळी रेकॉर्ड केलेलं धनराज दुपारी कापून जोडायला बसायचा. एकच ओळ सात-सात वेळा. मधेच खोकला, मधेच स्वतःलाच दिलेली शिवी, "अबे धन्या, नीट बोल नं!" तीन वाजता, मान दुखायला लागली की नेमकं एखादं संथ जुनं गाणं लागायचं. दिव्यानीचे हात मशीनवर आणि जीव भिंतीपलीकडे. नळावर तो भेटला आणि "जेवण झालं का जी?" म्हणाला, की ती खाली मान घालून "हो" म्हणायची आणि घागर अर्धीच घेऊन पळायची. खोटं कशाला सांगू, तिला स्वतःची लाज वाटायची. ज्याच्या दुकानातलं आपण रोज चोरून ऐकतो, त्याच्या डोळ्यात कुठल्या तोंडानं पाहायचं? रोज रात्री ठरवायची, उद्या सांगायचं. आणि रोज दुपारी डबी उघडायची.

मग ती दुपार आली. धान कापणीचे दिवस, रस्त्यावरून ट्रॅक्टर धडधडत होते. तिची मैत्रीण हर्षा ब्लाऊज न्यायला आली होती. बड्स कानात होते, पण आज धनराज नव्हता, नुसती सूंऽऽ अशी घरघर. गेला असेल कुठंतरी, असं समजून दिव्यानीनं मशीन चालू ठेवली.

"काय व, आजकाल तुह्यं ध्यान कुठी असते?" हर्षानं विचारलं. "मांगच्या खेपेले दोनी बाह्या एकाच हाताच्या लावल्या तू."

दिव्यानी हसली, लाजली आणि फसली. पोटात महिनाभर दाबलेलं भडाभडा बाहेर आलं.

"तो आहे नं..." तिनं बोटानं मधल्या भिंतीकडं दाखवलं. "दिसाले काही खास नाई व. कान तं सुपावानी आहेत. पण बोलला का मले काही सुचतच नाई. त्याचा आवाज नाई आला तं माह्या हातून शिवणच होत नाई. लगन कराचं तं याच मानसाशी, नाई तं नाई!"

"बाई बाई बाई!" म्हणून हर्षा खिदळत गेली.

दुसऱ्या दिवशी लच्छू आला. लच्छू म्हणजे नाटकाच्या प्रचाराच्या ऑटोचा ड्रायव्हर. बायकोचं ब्लाऊज न्यायला आला आणि हसू आवरेना म्हणून दारातच बसला.

"तुमच्या बाजूवाल्यानं काल गंमतच केली बाई. कंपनीच्या मालकाले, भैयाजीले, नव्या नाटकाची जाहिरात पायजे होती, एक वाजाच्या आत. यानं पाठवली. मी अन् सारे कलाकार ऑफिसात बसलेलो. भैयाजीनं मोठ्या स्पीकरवर लावली, तं काय? मांग शिलाई मशीन खडखड करून राह्यली, अन् कोणतरी पोरगी म्हणते, कान सुपावानी आहेत, पण लगन कराचं तं याच मानसाशी!"

दिव्यानीचे हात जागच्या जागी थांबले. हा आवाज ओळखेल! तिनं झटकन टेबलावरच्या चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या.

"तीनदा ऐकली आम्ही. भैयाजी पोट धरून हसला, मंग भडकला. म्हणे, ज्याले आपला माइक सांभाळता येत नाई त्याले साऱ्या सिझनचं काम कसं देऊ? आरमोरीच्या रेकॉर्डिंगवाल्या पोराले बोलावतो म्हणे. कोणाची पोरगी असन ती, काही अंदाज आहे का तुम्हाले?"

दिव्यानीनं टाचण्यांसकट मान हलवली. नाही.

"ब्लाऊज झालं का?"

मान हलवली. हो.

लच्छू गेला. तिनं टाचण्या काढून ठेवल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. साऱ्या नाटक कंपनीनं ऐकलं. तीनदा! जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. पण त्याहूनही आत एक गोष्ट टोचत होती. धनराजचं वर्षाचं पोट नाटकांच्या ज्या चार महिन्यांच्या सिझनवर चालायचं, तो सिझन हिच्यामुळं हातचा चालला होता. गप्प बसली तर कुणाला कळणारही नव्हतं. आरमोरीच्या पोराला काम जाईल, धनराज स्वतःलाच दोष देत बसेल, आणि ही ब्लाऊजं शिवत राहील.

ती उठली. आज बाहीचं निमित्त नव्हतं.

धनराज अंधारलेल्या खोलीत पडद्यासमोर बसला होता. तिला पाहून गडबडीनं उभा राहिला.

"तो आवाज माह्या होता," दिव्यानी एका दमात म्हणाली. थांबली असती तर तिथूनच परत फिरली असती. "माह्ये बड्स महिन्यापासून तुमच्या कम्प्युटरले जोडलेले आहेत. तुमी लावलं ते सारं मी ऐकलं. पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण सांगितलं नाई. माह्याच्यानं तुमचं काम गेलं. काय म्हणाचं ते म्हणा मले."

तिला वाटलं, आता हा ओरडेल. पण धनराज खाली पाहत होता. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"मलेबी मालूम होतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"माह्ये स्पीकर दुपारी बंद पडाचे. तिसऱ्या दिवशी पडद्यावर पाह्यलं, तं तुमच्या बड्सचं नाव जोडलेलं. दोन टिचक्यांचं काम होतं, तोडलं असतं. नाई तोडलं. पडद्यावरची आवाजाची रेघ पाहूनच कापत राह्यलो. तीन वाजताचं गाणं... ते मी मले नव्हतो लावत."

"माह्यासाठी?" दिव्यानीनं विचारलं. त्यानं मान हलवली.

"फक्त एक गोष्ट ध्यानात नाई आली. बड्स जोडलेले, तं कम्प्युटरनं माइकबी त्यायचाच धरला. मी इकडे गोधडीत बसून बोंबलत राह्यलो, अन् आत गेलं तुमचं. पडद्यावरची रेघ वरखाली होऊन राह्यली होती, म्हणून वाटलं माह्याच आवाज आहे. रोज सकाळी रेकॉर्ड करतो, काल भैयाजीच्या घाईनं दुपारी केलं. न ऐकताच पाठवलं. दोष माह्या आहे, तुमचा नाई."

बोलता बोलता त्यानं ती यादी उघडली आणि तिच्यादेखत ते अवघड नाव पुसून टाकलं. गेलं तीन वाजताचं गाणं, असं दिव्यानीच्या मनात आलं.

"भैयाजीचा नंबर लावा," ती म्हणाली.

"काऊन?"

"लावा तं."

फोन लागला. तिनं तो कानाला लावला. "भैयाजी, मी दिव्यानी बोलतो, कुरखेड्याहून. काल तुमी... स्पीकरवर ऐकली नं, तीच मी."

पलीकडून खदाखदा हसू, आणि त्यामागे आणखी चारजणांचं हसू. दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं फोन ठेवला नाही.

"हसून घ्या, हसाचीच गोष्ट आहे," ती म्हणाली. "पण चूक धनराजभाऊची नाई. माह्ये बड्स त्यायच्या मशीनले जोडलेले होते, मीच सांगितलं नाई. त्यायचं काम काढू नका. एक मोका द्या."

हसू थांबलं. "संध्याकाळी पाचपर्यंत पाठवाले सांग त्याले," भैयाजी घसा खाकरून म्हणाला. "अन् पोरी, साऱ्या कंपनीपुढं लगनाची गोष्ट झाली. आता त्याले भाऊ नोको म्हणू."

दिव्यानीनं फोन ठेवला. धनराजनं पाण्याचा गिलास पुढं केला. ती प्यायली. आता निघावं... पण त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"ते कालचं... अजून इथीच आहे." त्यानं पडद्याकडं बोट दाखवलं. "मी ऐकलं नाई. लच्छू सांगाले लागला तं त्यालेबी थांबवलं. लगनाचं काही आहे, एवढंच कानावर आलं. कोणाच्या ते मालूम नाई. तुमची गोष्ट आहे. तुमीच सांगा, ऐकू का पुसू?"

दिव्यानीनं पडद्याकडं पाहिलं. महिनाभर हिनं त्याचा खोकलासुद्धा चोरून ऐकला होता, आणि साऱ्या वडशानं तीनदा ऐकलेलं या माणसानं ऐकलं नव्हतं. लाज वाटावी ती इथं.

"पुसा," ती म्हणाली.

धनराजचा चेहरा एवढासा झाला. पण त्यानं निमूटपणे बटण दाबलं. खरंच पुसू का, असं कम्प्युटरनं विचारलं. त्यानं तिच्याकडं न पाहता 'हो' केलं. गेलं.

"पुसलं जी," तो म्हणाला. तालुकाभर घुमणारा आवाज, पण कसाबसा बाहेर आला.

"ते हर्षाले सांगितलं होतं," दिव्यानी म्हणाली. "तुमाले आता तोंडानं सांगतो. तुमचा आवाज ऐकता ऐकता तुमीच आवडाले लागले मले. तुमचे कान मोठे आहेत, असंबी म्हटलं होतं मी. अन् लगन कराचं तं तुमच्याशीच कराचं, असंबी."

धनराजनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. एकच ओळ सात वेळा म्हणणाऱ्या त्या माणसाला आज एक शब्दही सापडेना.

"तुमच्या घरी..." शेवटी तो म्हणाला, "कोणाशी बोलाले येऊ? बाबाशी का आईशी?"

दिव्यानीनं महिन्याभरात पहिल्यांदाच मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आईशी," ती म्हणाली. "बाबाले मी सांगतो."