गुलाबांभोवतीच्या चाळीस विटा

पहिला थर

"गुलाब आहेत. विटा गेल्या."

गुरुवारी सकाळी पावणेआठ वाजता फोनवर कॉकवेलबाईंचं हे पहिलं वाक्य. थेल्मा डगल्बीच्या एका हातात बेकन घातलेला पाव होता, तो तसाच राहिला.

"वाफ्याच्या विटा?"

"चाळीसच्या चाळीस! सायकल आहे. तो बागेतला दाढीवाला मातीचा बुटका पुतळा आहे. इतका कुरूप, तो न्यायचा तर मेल्यानं विटा नेल्या."

"पोलिसांना कळवलंत?"

"कळवलं. तिथला पोरगा हसला. म्हणून तुला फोन केला. तू तीस वर्षं लोकांच्या गाड्यांना दंडाच्या पावत्या चिकटवल्यास. तुला बघून कुणी हसायचं नाही."

थेल्माने कोट चढवला. बाहेर गवत हिमाने पांढरं पडलं होतं. हंबर नदीवरून येणारं वारं कानात सुया टोचत होतं. तिला विटांची काळजी नव्हती. काळजी बापाची होती.

दुसरा थर

इंग्लंडमधल्या हल शहरात पूर्वी गल्लीगल्लीत घरं बांधणाऱ्या पेढ्या होत्या. बाप आणि मुलगा, दोन भाऊ, सासरा-जावई. सगळ्या बंद पडल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघणार होतं. संपादक क्लिफर्ड सडबी, वय शहात्तर, 'सडबी अँड सन'मधला तो 'सन'. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पुस्तक छापायला जायचं होतं.

त्याच्या कच्च्या प्रतीतल्या दोन जागा:

पान नऊ. आमच्याकडचा विल्फ डगल्बी प्रत्येक वीट खळगा वर करून ठेवायचा आणि खळगा सिमेंट-वाळूच्या मालाने गच्च भरायचा. बाबा ओरडायचे, "हा भिंत बांधत नाही, माझं सिमेंट पुरतो!" पण विल्फने सवय सोडली नाही. आम्ही फार हसायचो.

पान अकरा. फेब्रुवारी १९५८मध्ये कार्टराइट ग्रोव्हमधल्या चौदा नंबरच्या घराची छपराखालची तिकोनी भिंत वाऱ्याने कोसळली. घरमालक आर्थर कॉकवेल यांचा पाय मोडला. एका गवंड्याच्या हयगयीमुळे आमच्या नावाला डाग लागला.

त्या एका गवंड्याचं नाव शहरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. विल्फ डगल्बी, थेल्माचा बाप, आता वय त्र्याऐंशी. भिंत पडल्यावर त्याला कुणी थापी हातात धरू दिली नाही. उरलेली वर्षं त्याने गोदीत माशांच्या पेट्या उचलल्या.

मंगळवारी वाचनालयातल्या बैठकीत पान अकरा वाचून झालं, तसा विल्फ काठी टेकत उभा राहिला.

"ती भिंत माझी नाही. पन्नास वर्षं सांगतोय. मला पुरायचंय तर खुशाल पुरा, पण त्या ओळीखाली नाही. तिची एक वीट जरी शिल्लक असती ना, तर दाखवलं असतं."

"एक कशाला?" मागून कॉकवेलबाई म्हणाल्या. "चाळीस आहेत. माझ्या गुलाबांभोवती. आर्थर म्हणायचा, ह्या विटांनी माझा पाय नेला, आता माझी झाडं सांभाळू देत."

सगळी डोकी मागे वळली. गुरुवारी दहा वाजता सगळ्यांनी जाऊन विटा बघायच्या असं ठरलं.

आणि बुधवारी विटा गेल्या.

तिसरा थर

(थेल्माच्या वहीवरून. पावत्यांची जुनी वही, मागची कोरी बाजू.)

कॉकवेलबाई, वय शहाऐंशी, त्यांच्या अंगणात.

"काल घरी कधी नव्हतात?"

"दुपारी. बुधवारी माझा बिंगो असतो. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. परतले तेव्हा अंधार पडला होता, म्हणून सकाळी कळलं."

थेल्मा वाकली. विटांच्या जागी लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. माती कुठेही वाटेवर सांडली नव्हती.

"ह्या फळ्या तुमच्या?"

"छे गं! चोरानं लावल्या. माझा पाय घसरू नये म्हणून असेल. चांगल्या घरचा चोर दिसतोय."

"विटा ओळखता येतील?"

"न ओळखायला काय झालं? आर्थर अधू पायानं अडखळायचा, म्हणून दर वसंतात त्यांची टोकं पांढरी रंगवायचा. खळग्याची बाजू आत, मातीकडे."

शेजारी, वय चाळीस, दारात.

"कुणी दिसलं?"

"पिवळ्या जाकिटातला एक म्हातारा. फळ्या ठोकत होता. वाटलं, सरकारी काम असेल."

"चेहरा?"

"जाकीट दिसलं की चेहरा कोण बघतं?"

थेल्माला हे पटलं. तीस वर्षं तिचाही चेहरा कुणी पाहिला नव्हता.

गॉर्डन पिंडर, वय ऐंशी. नदीपलीकडच्या, सडबींशी हाडवैर असलेल्या पेढीचा जुना मुकादम. वाचनालयात जुन्या विटांचं प्रदर्शन मांडतोय.

"गॉर्डनकाका, विटा तुम्हीच गोळा करता."

"करतो. पण सडबीची वीट? ती मी फुकट दिली तरी घेणार नाही, पोरी."

"पिवळं जाकीट आहे?"

"तीन आहेत. पण मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. चाळीस विटा वर नेल्या असत्या, तर आज तू माझ्या मयताला आली असतीस."

क्लिफर्ड सडबी, त्याच्या घरी, दुपारी दोन वाजता.

मागच्या अंगणात फरसबंदी, गवताचं पातंही नाही. क्लिफर्ड झाडू मारत होता. फरशीच्या फटींमध्ये पांढरट भुकटी अडकली होती. भिंतीलगत फळीवर काहीतरी चौकोनी रचून वर गोणपाट घातलेलं. गोणपाटाच्या कोपऱ्याखाली एक पांढरी कड.

"विटा कुणी नेल्या असतील, मिस्टर सडबी?"

"वाईट वाटून घेऊ नकोस, थेल्मा. ज्याला त्या दिसायला नको होत्या, त्यानं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या बाबांनी. बढाई मारून बसले, मग घाबरले. मी कुणाला बोलणार नाही. उद्या अकराला इथे सगळे शेवटची प्रत बघायला येतील. त्यांना घरीच ठेव."

"ते येतील," थेल्मा म्हणाली.

चौथा थर

(जागा रिकामी. इथली वीट काढून नेली आहे. मिळाली की बसवू.)

पाचवा थर

"बाबा, विटेत बघण्यासारखं काय होतं?"

विल्फने टेबलावरचा पाव उचलला, बोटाने त्यात खड्डा पाडला.

"विटेला एका बाजूला असा खळगा असतो. गवंडी त्याला बेडूक म्हणतात. बेडूक वर ठेवला की माल आत शिरतो, वीट विटेला धरून बसते. खाली ठेवला की काम भरभर होतं, माल वाचतो, आणि खळगा पोकळ राहतो."

"आणि तुम्ही?"

"आयुष्यात एकदाही खाली ठेवला नाही."

"खळग्यात भरलेला माल नंतर काढता येतो?"

विल्फ हसला. "पन्नास वर्षांचं सिमेंट? छिन्नी घेऊन बस. वीट फुटेल, माल निघायचा नाही. का गं?"

थेल्माच्या डोळ्यांसमोर क्लिफर्डच्या फरशीतली ती भुकटी होती.

"भिंत पडायच्या आधी, त्या जानेवारीत काय झालं होतं?"

"सांगितलंय शंभरदा. कुणाला ऐकायचंय?"

"उद्या सांगा. मोठ्याने."

त्याने खड्डा पाडलेला पाव खाऊन टाकला.

सहावा थर

शुक्रवार, अकरा. क्लिफर्डच्या बैठकीच्या खोलीत चहाचे पेले, पुस्तकाची प्रत, पाच माणसं.

"छपाईवाला बारापर्यंत थांबेल," क्लिफर्ड म्हणाला. "कुणाची हरकत?"

"माझी," थेल्मा म्हणाली. "आधी अंगणात चला."

कुणाला कळायच्या आत तिने गोणपाट ओढलं. चाळीस विटा. आडव्या-उभ्या, कडेला कड लावून रचलेल्या. प्रत्येकीचं टोक पांढरं.

"आर्थरचा रंग!" कॉकवेलबाई ओरडल्या.

क्लिफर्डने चहाचा पेला फरशीवर ठेवला.

"हो. मीच आणल्या. विल्फची अब्रू झाकायला. आता साफ केल्यात, त्यांच्यातून काही सिद्ध होणार नाही. मंडळी, जाऊ द्या हा विषय."

"तिथेच तर गंमत आहे," थेल्मा म्हणाली. "मला चोर कालच कळला. पिवळं जाकीट कुणीही घालेल. पण चोरी करताना म्हातारीचा पाय घसरू नये म्हणून फळ्या ठोकणारा, आणि चोरलेल्या विटा नदीत न फेकता साफ करून रचणारा? हा घरं बांधणाऱ्याचा मुलगा. ह्यांना अख्खी वीट टाकवत नाही. मी कितीतरी वेळ विचार करत होते, पुरावा गेला की राहिला?"

तिने एक वीट उचलून गॉर्डनच्या हातात दिली.

"काका, खळगा बघा."

गॉर्डनने बोट फिरवलं. "स्वच्छ आहे."

"टवका?"

"एक नाही."

"दुसरी घ्या. तिसरी. बुधवारी दुपारी ह्या विटा वाफ्यात होत्या. गुरुवारी दोन वाजता मी इथे आले तेव्हा रचून झाल्या होत्या. एका दिवसात, शहात्तर वर्षांच्या हातांनी, चाळीस विटा, आणि एकही फुटली नाही. खळगे सिमेंटने भरलेले असते तर?"

गॉर्डनने वीट उलटीसुलटी केली. मग क्लिफर्डकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली.

"निम्म्यांचा चुरा झाला असता. खळगे भरलेच नव्हते. बेडूक खाली होता. आणि माल थंडीत गोठून कच्चा राहिलेला असणार, बोट लावलं की भुकटी होणारा."

"मग विल्फनेच घाईत खाली ठेवल्या असतील!" क्लिफर्ड म्हणाला.

थेल्माने प्रत उघडली. "पान नऊ. 'प्रत्येक वीट खळगा वर करून.' 'विल्फने सवय सोडली नाही.' हे कुणी लिहिलंय, मिस्टर सडबी?"

कॉकवेलबाईंनी फरशीवर टेकवलेला आपला पेला उचलून क्लिफर्डच्या पेल्यापासून दूर नेऊन ठेवला.

विल्फ रचलेल्या विटांजवळ गेला. खाली पडलेलं गोणपाट काठीने उचललं.

"थंडी पडली म्हणून विटांवर गोणपाट घातलंत, धाकटे मालक. चांगलं केलंत. तेव्हा ते भिंतीवर घालायचं होतं."

क्लिफर्ड खुर्ची नसताना बसायला गेला आणि भिंतीला टेकून राहिला.

"मी पंचवीस वर्षांचा होतो, विल्फ. शनिवारी बाबा लोकांना ते घर नमुना म्हणून दाखवणार होते. मी... ती ओळ खोडतो. आत्ता खोडतो. बस?"

"खोडायची नाही."

"अरे, मग काय हवंय तुला?"

"खोडलं की कोरी जागा राहते. कोऱ्या जागेत मी पन्नास वर्षं राहिलो. पेन काढा. मी सांगतो, तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात."

बाराला वीस मिनिटं कमी होती.

चौथा थर, परत जागेवर

पान अकरा, जसं छापलं गेलं.

जानेवारी १९५८मध्ये आठवडाभर पाणी गोठत होतं. गवंडी विल्फ डगल्बी यांनी चौदा नंबरच्या भिंती छपरापर्यंत आणल्या होत्या. त्या अजून उभ्या आहेत. गोठत्या थंडीत तिकोनी भिंत चढवायला त्यांनी नकार दिला, आणि ओला माल गोठू नये म्हणून झालेल्या कामावर गोणपाट घालायला सांगितलं. मी त्यांना घरी पाठवलं. बाहेरची दोन माणसं आणून, विटा उलट्या ठेवून, मी ती भिंत दोन दिवसांत उरकली. गोणपाट घातलं नाही. भिंत पडली तेव्हा मी डगल्बी यांचं नाव सांगितलं. या आठवड्यात मी पुरावाही चोरला. क्लिफर्ड सडबी.

सातवा थर

शनिवारी सकाळी विल्फ पन्नास वर्षांनी कार्टराइट ग्रोव्हमध्ये शिरला. थेल्माने विटा गाडीतून उतरवल्या. कॉकवेलबाईंनी वाफ्याजवळ खुर्ची आणून ठेवली होती, शेजारी सिमेंटची पिशवी. दाढीवाल्या बुटक्याच्या टोपीवर बर्फ जमला होता.

विल्फने आधी वर पाहिलं. त्याने बांधलेल्या भिंती सरळ उभ्या होत्या. मग तो खाली वाकला, माती बोटाने दाबली. ती दबली नाही.

"बसा हो," कॉकवेलबाई म्हणाल्या. "ह्या वेळी सिमेंटमध्ये पक्क्या बसवून टाका. तासाभराचं काम. हाताखाली मुलगी आहे."

"आज नाही."

"का?"

"गोठतंय."

"अहो, चार फुटांचा वाफा आहे! पाहुणे येणारेत माझ्याकडे."

विल्फने कोटाच्या आतून एक घडी केलेलं गोणपाट काढलं, विटांवर नीट पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"मोठे मालक ओरडले होते, धाकटे मालक ओरडले होते," तो म्हणाला. "आता तुम्ही ओरडा."